आय-सेव्हनचं स्टिकर की सोळा जीबी रॅम?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही इंदूरच्या लोकमान्य नगरात राहता. मुलाला राऊच्या बाजूच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळालाय. घरात एकच नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. दिवसा तो मुलाबरोबर कॉलेजात जाणार आणि संध्याकाळी यजमान त्यावर हिशेबाचं आणि जीएसटीचं काम करणार. सिल्व्हर मॉलमधून तुम्ही तीन कोटेशन आणलीत. पहिलं आय७-१३५५यू, ८ जीबी रॅम, ६२ हजार. दुसरं आय५-१३४२०एच, १६ जीबी रॅम, म्हणजे ८-८ च्या दोन पट्ट्या, ६१ हजार. तिसरं रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी रॅम, ४६ हजार. रॅम म्हणजे चालू काम मांडायची जागा, एसएसडी म्हणजे कायमची साठवण; एसएसडी तिन्हींत ५१२ जीबीची. सासरेबुवांचं म्हणणं, "एकदाच काय ते मोठं घ्या, आय-सेव्हन घ्या." आणि तुमची शंका, की हल्ली ज्याला 'एआय पीसी' म्हणतात तोच घ्यायला हवा का.

शनिवारी तुम्ही दुकानात जाणार आहात, म्हणून उत्तर आधी देतो: दुसरा घ्या. का, ते आता सविस्तर लिहितो, कारण सासऱ्यांना पटवायचं काम तुमच्याकडेच आहे. शिवाय दुकानात ऐन वेळी "तो मॉडेल संपला, हा घ्या" असं झालं तर नवा मॉडेल पारखता आला पाहिजे.

मी रामबागेत बावीस वर्षं कॉम्प्युटर-लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतोय. 'फार स्लो झालाय, बदलायचाच आहे' म्हणून जे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या बहुतेकांचा प्रोसेसर धडधाकट असतो. मागच्या पावसाळ्यात बी.कॉम.ची एक मुलगी असाच एक घेऊन आली. झाकणावर आय-सेव्हनचं स्टिकर, वय दोन वर्षं. मी तिला म्हटलं, तू रोज उघडतेस ते सगळं उघड. तिनं क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब उघडले, एक मोठी एक्सेल फाइल, व्हॉट्सअॅप आणि एक ऑनलाइन लेक्चर. मग मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर काढला. प्रोसेसर १७ टक्के. मेमरी ९४ टक्के. डिस्क १०० टक्के. म्हणजे ज्या आय-सेव्हनसाठी वडिलांनी जास्तीचे दहा-बारा हजार मोजले होते, तो हात बांधून बसला होता. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग उचलून एसएसडीवर ठेवतं आणि लागला की परत आणतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या तुलनेत फारच हळू, त्यामुळे ही ने-आण चालू असेपर्यंत सगळं अडकतं. लॅपटॉप हँग झाला असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा हेच.

मी त्यात ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवली. प्रोसेसर तोच, एसएसडी तीच. पंधरा मिनिटांनी ती मुलगी तोच पसारा उघडून बघत होती आणि काहीच अडकत नव्हतं. तिच्या लॅपटॉपमध्ये एक स्लॉट रिकामा होता, म्हणून हे जमलं. तो सगळ्यांत नसतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी प्रोसेसरच्या नावाकडे वळू, कारण सगळी गफलत तिथेच होते. आय३, आय५, आय७ ही नुसती पाटी आहे. खरा प्रोसेसर कोणता हे पाटीपुढचा आकडा आणि शेवटचं अक्षर सांगतात. तुमच्या पहिल्या कोटेशनमधल्या १३५५यू मध्ये एकूण दहा कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत, दुसऱ्यातल्या १३४२०एच मध्ये आठ. दुकानदार हेच पुढे करेल: "इसमें दस कोर हैं मॅडम, उसमें आठ." पण इंटेलने बाराव्या पिढीपासून लॅपटॉपमध्ये दोन जातींचे कोअर एकत्र घालायला सुरुवात केली. एक दमदार, ज्यांना पी-कोअर म्हणतात, आणि एक काटकसरी, ज्यांना ई-कोअर म्हणतात. १३५५यू मध्ये दमदार कोअर फक्त दोन, बाकीचे आठ काटकसरी. १३४२०एच मध्ये दमदार चार आणि काटकसरी चार. दोन्हींत थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं, बाराच; कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी, तीही दोन्हींत १२ एमबी. मुलगा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करेल किंवा अँड्रॉइडचा एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन, चालवेल तेव्हा हे चार दमदार कोअर त्याच्या कामाला येतील.

हे मी आय७ वाईट म्हणून सांगत नाही. क्षणभराच्या कामात, म्हणजे एखादं अॅप उघडणं, एखादं पान लोड होणं, १३५५यू थोडा पुढेच राहील, कारण त्याचा एक कोअर ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि १३४२०एच ४.६ पर्यंत. पण ते अंतर डोळ्यांना जाणवण्याजोगं नाही. याच तेराव्या पिढीतला आय५-१३३४यू पाहिला तर त्यातही दोन दमदार आणि आठ काटकसरी कोअर आहेत, अगदी या आय७ सारखेच. एकाच मुशीतून काढलेले दोन प्रोसेसर, एकावर पाच लिहिलं, दुसऱ्यावर सात. यू अक्षराच्या मालिकेत पाच आणि सात यांच्यात हल्ली फार थोडं अंतर उरलं आहे. दहा वर्षांपूर्वीचा आय७ सासऱ्यांच्या मनात असेल तर त्यांची चूक नाही. तेव्हाच्या डेस्कटॉपमध्ये आय७ म्हणजे खरोखरच वरची पायरी असायची.

शेवटचं अक्षर विजेचा खर्च सांगतं. यू म्हणजे मूळ हिशेब १५ वॅटचा, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५. वॅट जास्त म्हणजे दम जास्त, पण उष्णताही जास्त, पंख्याचा आवाज जास्त आणि बॅटरी लवकर रिकामी. म्हणून दुसरा लॅपटॉप घेताना एक गोष्ट मनाशी धरा: मुलगा चार्जर घरी विसरला तर कॉलेजचा पूर्ण दिवस बॅटरीवर निघणार नाही. हॉस्टेलवर राहणारी, लायब्ररीत चार-चार तास बसणारी मुलगी असती, तर मी कदाचित यू-मालिकेतलाच पण १६ जीबीचा लॅपटॉप सुचवला असता.

उष्णतेबद्दल आणखी थोडं, कारण इथल्या उन्हाळ्यात ते फार महत्त्वाचं ठरतं. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. वरच्या मजल्यावरची खोली, कूलर बंद आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला. अशा वेळी एच-मालिकेचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग खाली आणतो. त्याचे ४५ वॅट कागदावरच राहतात, विशेषतः लॅपटॉप फार पातळ असेल तर. म्हणून तोच प्रोसेसर दोन वेगळ्या लॅपटॉपमध्ये सारखा चालत नाही. दुकानात लॅपटॉप उलटा करून बघा. खाली जाळी किती मोठी आहे, गरम हवा बाहेर सोडायला मागे किंवा बाजूला मोकळी वाट आहे की सगळी हवा थेट स्क्रीनच्या बिजागरीवर जाते, हे नुसतं बघून कळतं. घरी टेबलावर ठेवून वापरा. गादीवर नको.

तिसऱ्या लॅपटॉपचा प्रोसेसर. याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण यात चांगली शिकलेली माणसंही फसतात. रायझन ५ ७५२०यू. ७००० च्या मालिकेत एएमडीने, म्हणजे रायझन बनवणाऱ्या कंपनीने, आकड्यांची अशी रचना केली होती: पहिला आकडा वर्षाचा, म्हणजे ७ हा २०२३ चा. दुसरा आकडा दर्जाचा. तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन-२, जी रचना २०१९ मध्ये बाजारात आली. ७५३० मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन-३. ७६४० मध्ये ४, म्हणजे झेन-४. आता ७५२०यू आणि ७५३०यू या दोघांत फक्त एका आकड्याचा फरक, आणि दोन्ही 'रायझन ५'. पण पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. पहिल्याची रचना एक पिढी जुनी आणि अंगभूत ग्राफिक्स, म्हणजे प्रोसेसरमधलाच चित्र दाखवणारा भाग, तोही अगदी बारीक. दुकानात दोन्ही एकाच रांगेत मांडलेले असतात.

तुमच्या यजमानांसाठी वेगळा लॅपटॉप घ्यायचा असता तर मी हा तिसराच सुचवला असता. हिशेब, रिटर्न भरणं, ई-मेल, छपाई, हे सगळं तो निमूटपणे करेल, आणि १६ जीबी असल्यामुळे अडकणारही नाही. पण चार वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या मुलाला तो तिसऱ्या वर्षी अपुरा पडेल. पंधरा हजार वाचतील खरे, पण तेवढ्यासाठी हे करू नका.

नावांबद्दल शेवटचं. २०२३ च्या डिसेंबरपासून इंटेलने बहुतेक नव्या लॅपटॉप प्रोसेसरच्या नावातला 'आय' काढून टाकला. आता 'कोअर ५', 'कोअर ७' आणि 'कोअर अल्ट्रा' अशी नावं दिसतात. यातला नुसता 'कोअर' आणि 'कोअर अल्ट्रा' यांत मोठा फरक आहे. उदाहरणार्थ कोअर ७ १५०यू हा तेराव्या पिढीचाच भाऊबंद आहे: दोन दमदार, आठ काटकसरी, तुमच्या आय७-१३५५यू सारखाच. दुकानदार "बिल्कुल नया है" म्हणाला तर ते नावापुरतं खरं. त्यासाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत.

आता रॅम. इथे तीन प्रश्न आहेत: किती, कशी बसवलेली आणि एका पट्टीत की दोन पट्ट्यांत. पहिला प्रश्न सगळे विचारतात. उरलेले दोन क्वचित कोणी विचारतं.

किती, तर मुलासाठी १६. मायक्रोसॉफ्टच्या कागदावर विंडोज ११ ला किमान ४ जीबी लिहिलंय, पण त्यावर कोणी काम करू शकत नाही. अँटिव्हायरस आणि दोन-चार नेहमीची अॅप्स धरून विंडोज सुरू झाल्याझाल्याच साडेतीन-चार जीबी व्यापून बसतं, हे मी रोज बघतो. त्यातच प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स स्वतःसाठी याच रॅममधून वाटा काढतं. ८ जीबीतले हाती उरतात तीन-साडेतीन. मुलगा दुसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकायला लागला की व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या नकली लॅपटॉपमध्ये, उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवेल, आणि त्याच्या डेस्कटॉपलाच निदान ४ जीबी तरी लागतात. अँड्रॉइड स्टुडिओ एमुलेटरसकट चालवायचा तर १६ जीबी हीच खालची रेघ आहे. ३२ आत्ता घेऊ नका. तिसऱ्या वर्षी लागलेच तर लावता येतील, अशी सोय मात्र आजच बघून ठेवा.

ती सोय म्हणजे दुसरा प्रश्न. काही लॅपटॉपमध्ये रॅम स्लॉटमध्ये बसवलेली असते, काढता-घालता येते. काहींमध्ये ती मदरबोर्डवरच डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, पक्की केलेली असते. एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी रॅम) असं लिहिलेलं दिसलं की जवळजवळ नेहमी ती डाग दिलेलीच समजायची. तुमच्या तिसऱ्या लॅपटॉपमधली तशीच आहे. त्या प्रोसेसरला एलपीडीडीआर५ हीच मेमरी चालते. कोअर अल्ट्रा २०० मध्ये ज्यांच्या शेवटी व्ही आहे, त्यांत तर रॅम बोर्डवरही नसते, प्रोसेसरच्याच तुकड्यावर बसवून येते, १६ किंवा ३२. पक्की रॅम वाईट नसते, वीज कमी खाते. पण ज्या दिवशी बिल फाटतं त्याच दिवशी चार-पाच वर्षांचा निर्णय होऊन जातो.

हे मी स्वतः भोगलंय. २०२१ मध्ये माझ्या भाचीला लॅपटॉप घ्यायचा होता. हलका, पातळ, सुंदर. आय-सेव्हन, ८ जीबी. मी विचार केला, पुढे लागली तर पट्टी घालून देऊ. घाईत उघडून पाहिला नाही, कागदही नीट वाचले नाहीत. तिच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मोठे डेटासेट आले आणि लॅपटॉप दर दहा मिनिटांनी थांबायला लागला. तिनं तो माझ्याकडे आणला. मी मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं, तर स्लॉटच नाही. बोर्डवर चार काळे चौकोनी तुकडे, पक्के. तिच्यासमोर मला सांगावं लागलं की यात काहीच करता येणार नाही. परीक्षेच्या तोंडावर तो विकून दुसरा घ्यावा लागला, आणि त्यात तिचे पैसे तर गेलेच, वेळही गेला. तेव्हापासून मी कोणालाही लॅपटॉप सुचवताना रॅम किती हे विचारण्याआधी ती कशी बसवली आहे ते विचारतो.

तिसरा प्रश्न, एक पट्टी की दोन. प्रोसेसरकडे रॅमशी बोलायला दोन वाटा असतात. एकच पट्टी लावली तर एक वाट बंदच राहते. आचारी कितीही तरबेज असो, वाढपी एकच असेल तर पंगत खोळंबते, तसंच हे. आकड्यांत सांगायचं तर डीडीआर४ या जातीची, ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माल पोचवते. दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. वर्डमध्ये टाइप करताना हा फरक दिसणार नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, खेळ, यांत फार दिसतो, कारण अंगभूत ग्राफिक्स याच वाटेवर जगतं.

तुमच्या पहिल्या लॅपटॉपची एक गंमत इथे आहे. १३५५यू चं ग्राफिक्स 'आयरिस एक्सई' म्हणून विकलं जातं, आणि ते खरोखर चांगलं आहे. पण इंटेलचा नियम असा, की दोन्ही वाटांवर मेमरी असेल तरच त्याला आयरिस एक्सई म्हणायचं. एकच पट्टी असेल तर विंडोज त्याच ग्राफिक्सचं नाव 'यूएचडी' असं दाखवतं. मी माझ्या टेबलावर हे गिऱ्हाइकांना करून दाखवतो. एक पट्टी: डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएचडी. बंद करून दुसरी पट्टी घातली, पुन्हा चालू केला: आयरिस एक्सई. म्हणजे ६२ हजारांच्या त्या लॅपटॉपमध्ये, तो ८ जीबीची एकच पट्टी घेऊन आला असेल तर, आय-सेव्हनचा जो एक खरा फायदा होता तोही निम्म्यावर येतो.

रॅम त्यापुढच्या डीडीआर५ जातीची असेल तर दुकानदार सांगेल की यात एकाच पट्टीत दोन चॅनेल असतात, दुसरीची गरज नाही. अर्धं खरं आहे. डीडीआर५ च्या पट्टीत ६४ बिटांची वाट ३२-३२ अशी दोन भागांत विभागलेली असते, पण एकूण रुंदी तेवढीच. दोन पट्ट्यांची सर तिला येत नाही.

मग ८-८ च्या दोन घ्याव्यात की १६ ची एक घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा? वर्षभरात ३२ करायचे हे नक्की असेल तर १६ ची एक. नाहीतर ८-८. दुसरं कोटेशन ८-८ चं आहे, म्हणजे ३२ करताना दोन्ही पट्ट्या काढाव्या लागतील. कॉम्प्युटर सायन्सच्या बहुतेक मुलांना चार वर्षं १६ पुरतात असं मी बघत आलोय, त्यामुळे मला यात अडचण वाटत नाही.

"आत्ता ८ चा आय-सेव्हन घेऊ, नंतर पट्टी घालू" हा सल्ला मीच इतकी वर्षं देत होतो. पट्टी स्वस्त होती, दोन-अडीच हजारांत काम व्हायचं. २०२५ च्या उत्तरार्धापासून ते गणित मोडलं. जगभरातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या मोठमोठ्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे त्यांनी आपले कारखाने वळवले आणि आपल्या साध्या पट्ट्यांचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे लॅपटॉपबरोबर येणारी रॅम हीच आज स्वस्तात पडते. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या कोटेशनमधला हजार रुपयांचा फरक फसवा आहे. पहिल्यात ८ जीबी घालून तो दुसऱ्याच्या बरोबरीला आणायचा, तर त्या पट्टीचा आजचा भाव दुकानातच विचारा आणि ६२ हजारांत मिळवून सासऱ्यांपुढे ठेवा. त्यांना हा हिशेब लगेच कळेल.

एआय पीसीबद्दल. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस' नावाची एक पायरी ठरवली. त्यासाठी प्रोसेसरमध्ये एआयची कामं करणारा एनपीयू नावाचा वेगळा भाग लागतो, ४० टॉप्स (टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप) किंवा अधिक क्षमतेचा, आणि रॅम किमान १६ जीबी. त्या एनपीयूवर आज मीटिंगमध्ये पार्श्वभूमी धूसर करणं, लाइव्ह कॅप्शन, फोटोतली काही कामं, मुख्यतः अशीच कामं चालतात. मुलगा कॉलेजात मशीन लर्निंग शिकेल तेव्हा ते प्रोग्रॅम एनपीयूवर चालवणार नाही. छोटे प्रयोग प्रोसेसरवर होतात, मोठ्यांसाठी मुलं इंटरनेटवरून ग्राफिक्स कार्ड वापरतात. तुमच्या बजेटमध्ये यासाठी वेगळे पैसे घालू नका.

पण एक सावधगिरी तुमच्या घराला खास लागू आहे. या एआय लॅपटॉपमध्ये काही स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे आहेत. बॅटरी फार उत्तम. पण ते आर्म जातीचे आहेत, इंटेल-एएमडीच्या जातीचे नाहीत. नेहमीची जुनी सॉफ्टवेअर्स त्यावर भाषांतराच्या मदतीने बहुतेक चालतात. ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत, ते आर्मसाठी वेगळे लिहिलेलेच असावे लागतात. यजमान रिटर्नवर सही करायला यूएसबीची डिजिटल सिग्नेचर वापरतात असं तुम्ही लिहिलंय. तो टोकन आणि घरातला जुना प्रिंटर, दोन्ही ड्रायव्हरवर चालतात. रिटर्नची शेवटची तारीख आणि टोकन ओळखलाच जात नाही, हा प्रसंग घरात यायला नको. स्नॅपड्रॅगन तुमच्यासाठी नाही.

मॅकबुकचा विषय मुलानं काढलाच तर: मशीन उत्तम आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून एअरही १६ जीबीपासूनच सुरू होतो. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, भाव तुमच्या बजेटच्या पुढे जातो, आणि यजमानांचं सॉफ्टवेअर विंडोजचं. एवढ्यावर तो विषय मिटवा.

आता शनिवारचं. दुकानात लॅपटॉप सुरू करायला सांगा. "सील तुटेल" म्हणाले तर म्हणा, पैसे ठरले आहेत, पण बघितल्याशिवाय देणार नाही. चांगला दुकानदार समोर उघडून देतो. टास्क मॅनेजर काढा, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली चार ओळी असतात. 'स्पीड' म्हणजे रॅमचा वेग. 'स्लॉट्स यूज्ड' समोर '२ ऑफ २' दिसलं पाहिजे. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'एसओडीआयएमएम' असेल तर पट्ट्या निघणाऱ्या आहेत; 'रो ऑफ चिप्स' असेल तर डाग दिलेली. त्याच खिडकीत सीपीयूवर बोट ठेवलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव वर उजव्या कोपऱ्यात येतं. ते कोटेशनशी अक्षरनअक्षर ताडून बघा. १३४२०एच च्या जागी १३३४यू निघाला तर तो लॅपटॉप वेगळा आहे, दोन्हींच्या झाकणावर आय५ लिहिलेलं असलं तरी.

स्पीडची ओळ मुद्दाम बघा. माझ्याकडे एक लॅपटॉप आला होता, नवा कोरा, १६ जीबी म्हणून घेतलेला. कंपनीकडून तो ८ जीबीचाच आला होता आणि विकणाऱ्याने वरची पट्टी स्वतः घातली होती, कमी वेगाची, २६६६ ची. दोन पट्ट्यांपैकी जी हळू तिच्याच चालीने दोघी चालतात, त्यामुळे ३२०० ची मूळ पट्टीही २६६६ वर येऊन थांबली होती. गिऱ्हाइकाला सहा महिने पत्ता नव्हता. दुकानातून रॅम वाढवून घ्यायला हरकत नाही, पण पट्टी त्याच वेगाची हवी, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वॉरंटी त्यानंतरही चालू राहते का, ते आधी विचारून घ्या.

बिलावर नुसतं 'आय५ लॅपटॉप' लिहू देऊ नका. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम '८+८', एसएसडी आणि सिरियल नंबर, चारही लिहून घ्या. खोक्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मॉडेल बदलून देत असतील तर पैसे देण्याआधी टास्क मॅनेजरच्या त्या खिडकीचा फोटो मला पाठवा. शनिवारी मी संध्याकाळी सातपर्यंत टेबलावर आहे, बघून लगेच सांगेन.